रिपोर्टवरचा रेडिएशनचा आकडा बघून बाबा दुसरी अँजिओप्लास्टी नको म्हणतायत

पत्र:

ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. बाबा ६३ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झालेत, शुगर आहे, वजन ९४ किलो. महिन्यापूर्वी पहाटे त्यांना मोठा अटॅक आला, लगेच अँजिओप्लास्टी केली. पुढच्या मेन नसेत जिथे फांदी फुटते तिथेच ब्लॉक होता म्हणून खूप वेळ लागला, दोन स्टेंट टाकले. उजव्या नसेत ९० टक्के ब्लॉक आहे आणि तिथे कॅल्शियम खूप आहे, ती सहा आठवड्यांच्या आत रोटा करून उघडू असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळालीय. पण फाइलमध्ये एका कागदावर फ्लुरो टाइम ३८ मिनिटं, एअर कर्मा ३२०० मिलिग्रे, डीएपी २०० असं काहीतरी सापडलं. दादाने नेटवर हिशोब करून फॅमिली ग्रुपवर टाकलं की हे छातीचे दोन हजार एक्स-रे झाले, आता कॅन्सर ठरलेला, आणि हॉस्पिटलने लिमिटच्या दुप्पट डोस दिला. बाबा म्हणतात आता परत त्या टेबलावर झोपणार नाही. वहिनीला पाचवा महिना आहे, आईने तिला बाबांच्या खोलीत जायला बंदी केलीय. एवढंच होतं तर त्याच पहाटे दोन्ही नसा का नाही उघडल्या, रेडिएशन एकदाच लागलं असतं ना? बाबा तसे बरे आहेत, चालतात, फक्त गोळ्या गरम पडतात म्हणून रात्रीची एक गोळी मधूनमधून घेत नाहीत. काय करू?
– स., ऐरोली

उत्तर:

प्रिय स.,

तू माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून एकेरीच लिहिते. तुझ्या पत्रातलं सगळ्यात शेवटचं वाक्य वाचून मी आधी थांबले. रेडिएशनचं सगळं सांगते, कागदावरचा एकेक आकडा उलगडून सांगते, पण त्याआधी उठ आणि बाबांच्या गोळ्यांचा डबा बघ. रात्रीची जी गोळी ते "मधूनमधून घेत नाहीत" ती कुठली आहे ते स्ट्रिपवर वाच. जी सकाळी पण असते आणि रात्री पण असते ती टिकाग्रेलॉर असू शकते, अटॅकनंतर बऱ्याच जणांना ती देतात. टिकाग्रेलॉर असेल तर ती दिवसातून दोनदा असते कारण तिचा असर तेवढाच टिकतो, एक चुकली की रक्ताच्या गुठळ्या थांबवायचं काम अर्धवट राहतं. बाबांच्या मेन नसेत, तेही फांदीच्या जागी, दोन नवे स्टेंट आहेत आणि महिनाच झालाय. नवा स्टेंट गुठळीने बंद व्हायचा सगळ्यात जास्त धोका पहिल्या काही आठवड्यांत असतो, आणि तो झाला तर दुसरा अटॅक पहिल्यापेक्षा वाईट निघू शकतो. म्हणजे घरात सगळे ज्या रेडिएशनला घाबरलेत ते काही झालंच तर दहा-पंधरा वर्षांनी, आणि ही गोळी आज रात्रीची आहे.

गरम पडते म्हणजे नक्की काय होतं ते बाबांना शांतपणे विचार. पोटात जळजळ होते का, की झोपताना दम लागल्यासारखं वाटतं? टिकाग्रेलॉरने काहींना असा दम लागतो हे डॉक्टरांना माहीत असतं, आणि त्यावर उपाय म्हणजे गोळी बदलणं, आपल्या मनाने बंद करणं नव्हे. क्लोपिडोग्रेल आहे, प्रासुग्रेल आहे, जळजळीसाठी वेगळी गोळी आहे. पण बदल डॉक्टरांनीच करायचा आणि तोपर्यंत एकही डोस चुकवायचा नाही, अटॅकनंतर साधारण वर्षभर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि ह्या तिघींपैकी डॉक्टर देतील ती एक, सांभाळायच्या असतात. हे उद्यावर टाकू नकोस, आजच फोन कर.

आता कागदाकडे येऊ. मी ठाण्यात राहते, डॉक्टर नाही, पण नोकरीतली बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन म्हणून काढलीत, आणि तू लिहिलेले तीनही आकडे प्रोसिजर संपल्यावर मशीनवरून उतरवून घ्यायचं काम माझंच असायचं. त्यामुळे पहिलं हे सांगते की तो कागद फाइलमध्ये आहे ही चांगली गोष्ट आहे. डोस लिहून पेशंटच्या हातात देणारं हॉस्पिटल काही लपवत नाहीये, बऱ्याच ठिकाणी तो आकडा मागितल्याशिवाय मिळत नाही.

फ्लुरो टाइम म्हणजे डॉक्टरांचा पाय पेडलवर किती वेळ होता. कॅथलॅबमध्ये एक्स-रे सतत चालू नसतो, पेडल दाबलं की चालू, पाय उचलला की बंद, आणि दर पाच मिनिटांच्या फ्लुरोनंतर मशीन बीप करून सगळ्यांना आठवण देतं. पेडल दोन असतात, एक साध्या बघण्याचं आणि दुसरं सिनेचं, म्हणजे जी पिक्चर सेव्ह होते ती, आणि सिनेला त्याच वेळात साध्या फ्लुरोच्या दहापट-बिहापट डोस लागतो. म्हणून नुसत्या ३८ मिनिटांवरून फार काही कळत नाही, तीच ३८ मिनिटं बारीक माणसाला आणि ९४ किलोच्या माणसाला अगदी वेगळी पडतात. अंगात जाडी जास्त असली की पलीकडे चित्र नीट दिसावं म्हणून मशीन आपोआप जोर वाढवतं. त्यात फांदीच्या जागचा ब्लॉक नीट बघायचा तर एक्स-रेची ट्यूब खूप तिरकी करावी लागते, तिरकी केली की किरणांना अजून जास्त शरीर पार करावं लागतं. पहाटेची वेळ, नस पूर्ण बंद, आत गुठळी, दोन वायरी, दोन फुगे, दोन स्टेंट, ह्या सगळ्यात ३२०० हा आकडा मला जरा जास्त वाटतो पण दचकावा असा नाही वाटत. तो आकडा मुख्यतः काम किती अवघड होतं ते सांगतो. आणि म्हणूनच कुठे वाचलं की ज्यांना जास्त रेडिएशन लागलं त्या पेशंटचे रिझल्ट नंतर कमी चांगले आले, तर लगेच किरणांना दोष देऊ नका, ज्यांच्या नसा जास्त खराब, कॅल्शियम जास्त, वय-वजन-शुगर जास्त त्यांनाच वेळ आणि डोस जास्त लागतो आणि त्यांचं हृदयही आधीच जास्त थकलेलं असतं.

दादाचा हिशोब मात्र उडवून लावू नकोस, कारण आकड्यात तो फारसा चुकलेला नाही. डीएपी म्हणजे किरणांचा डोस गुणिले ते जेवढ्या जागेवर पडले ती जागा, २०० म्हणजे २०० ग्रे सेंटीमीटर स्क्वेअर, हृदयाच्या प्रोसिजरला त्याला साधारण ०.२ ने गुणलं की सगळ्या शरीराच्या हिशोबातला डोस मिलिसीव्हर्टमध्ये ढोबळ मिळतो, म्हणजे ४० च्या आसपास. छातीचा एक एक्स-रे ०.०२ मिलिसीव्हर्टचा धरला तर दोन हजार येतात, बरोबर आहे. पण छातीचा एक्स-रे इतका छोटा असतो की त्याच्याशी कशालाही मोजलं तरी आकडा भयंकरच दिसणार. जगात सरासरी माणसाला जमिनीतून, हवेतून, आकाशातून, खाण्यातून वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच, तसं बघितलं तर बाबांना सोळा-सतरा वर्षांचं नैसर्गिक रेडिएशन एका पहाटेत मिळालं. केरळात कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, तिथे काही घरांत लोक पिढ्यानपिढ्या आपल्या कितीतरी पट रेडिएशनमध्ये राहतात आणि तिथल्या मोठ्या पाहणीत त्यामुळे कॅन्सर वाढलेला दिसला नाही. आता वर्षानुवर्षं थेंबथेंब मिळणं आणि एकदम मिळणं ह्यात फरक आहे, त्यामुळे हे उदाहरण म्हणजे काही बाबांसाठी गॅरंटी नाही, पण "कॅन्सर ठरलेला" हे वाक्य दादाने ग्रुपवरून काढून टाकावं एवढं नक्की.

मग धोका किती? रेडिएशन सुरक्षेत जगभर जो हिशोब वापरतात तो एक सीव्हर्टला साधारण पाच टक्के असा आहे. बाबांचे ४० मिलिसीव्हर्ट म्हणजे हजारात दोन. म्हणजे बाबांसारखा डोस मिळालेल्या हजार माणसांत पुढच्या सगळ्या आयुष्यात ह्या कारणाने कदाचित दोन कॅन्सर जास्त. आणि हा हिशोब लहान मुलांपासून सगळ्यांचा मिळून आहे, साठीनंतर तो अजून खाली येतो, कारण रेडिएशनमुळे होणारे बहुतेक कॅन्सर दिसायला दहा वर्षं आणि त्याहून जास्त लागतात. शून्य नाही, मी शून्य म्हणणार नाही. पण त्याच्यासमोर काय ठेवायचं ते आता बघ.

अटॅकच्या पहाटेचं तर बोलायलाच नको. अँजिओप्लास्टी करावी की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं ह्यावरच्या २३ ट्रायल्स एकत्र करून २००३ साली लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये छापलं होतं, सुरुवातीच्या काळातले मृत्यू इंजेक्शनवाल्यांत ९ टक्के आणि अँजिओप्लास्टीवाल्यांत ७ टक्के होते. म्हणजे शंभरात दोन जीव, हजारात वीस, तेही लगेच हाताशी. ती पहाट बाबांनी आणि डॉक्टरांनी बरोबर वापरली.

तुझा खरा प्रश्न दुसऱ्या नसेचा आहे. ह्याच्यावर अगदी नेमका अभ्यास झालाय, कम्प्लीट नावाची ट्रायल, २०१९ ला आली, ४०४१ पेशंट, सगळे बाबांसारखेच, मोठा अटॅक, एक नस उघडलेली, दुसरीकडे पण ब्लॉक. अर्ध्यांना नुसत्या गोळ्यांवर ठेवलं आणि अर्ध्यांची उरलेली नस ४५ दिवसांच्या आत उघडली. तीनेक वर्षांत हृदयाने मृत्यू किंवा नवा अटॅक हे गोळ्यांवर ठेवलेल्यांत १०.५ टक्क्यांना झालं, नस उघडलेल्यांत ७.८ टक्क्यांना. हजारात २७ चा फरक, तीन वर्षांत. खरं ते पूर्ण सांगते, ह्यातला मोठा वाटा नवे अटॅक टळल्याचा आहे, नुसत्या मृत्यूंमध्ये फरक फार थोडा होता. पण आधीच एका अटॅकने मार बसलेल्या हृदयाला दुसरा अटॅक म्हणजे काय हे तुम्ही घरच्यांनी त्या पहाटे बघितलंय. एका बाजूला तीन वर्षांतले हजारात २७, दुसऱ्या बाजूला दहा-वीस वर्षांनंतरचे हजारात दोन, आणि दुसऱ्या प्रोसिजरला पहिल्याइतकाच डोस लागला तरी हजारात चार. दादाला गणित आवडतं ना, त्याला हे गणित करायला सांग. डॉक्टरांनी सहा आठवडे का म्हटलं तेही ह्यातच आहे, त्यामुळे "बघू दिवाळीनंतर" असं करू नका.

त्याच पहाटे दोन्ही का नाही उघडल्या? असं वाटणं साहजिक आहे, पण एकत्र केल्याने रेडिएशन वाचत नाही, दुसऱ्या नसेला लागणारा वेळ लागतोच, उलट सगळा डोस पाठीच्या त्याच कातडीवर एका दमात पडतो. वर कॉन्ट्रास्ट, म्हणजे नस एक्स-रेत दिसावी म्हणून सोडतात ते औषध, दुप्पट जातं, शुगरच्या पेशंटच्या किडनीला ते झेपेलच असं नाही. काही पेशंटमध्ये डॉक्टर एकाच वेळी करतातही, नसा सोप्या असतील आणि पेशंट स्थिर असेल तर. पण जो पेशंट शॉकमध्ये आहे, बीपी पडलंय, त्याच्यात सगळं एकदम करू नये हे २०१७ च्या कल्प्रिट-शॉक ट्रायलने दाखवलं, सगळ्या नसा एकदम उघडलेल्यांत तीस दिवसांत मृत्यू किंवा डायलिसिसची वेळ ५५.४ टक्क्यांवर आली आणि फक्त अटॅकची नस उघडलेल्यांत ४५.९ टक्क्यांवर. बाबा शॉकमध्ये नव्हते असं पत्रावरून वाटतं, पण कॅल्शियमने भरलेली नस पहाटे, थकलेल्या टीमने, थकलेल्या हृदयावर रोटा लावून उघडायला घेणं ह्यापेक्षा दिवसाढवळ्या तयारीने करणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

रोटाबद्दल घरात माहिती असू दे. हिऱ्याचे कण बसवलेलं अगदी छोटं टोक असतं, ते मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेतं आणि नसेतलं कडक कॅल्शियम घासून बारीक करतं, मग फुगा नीट फुगतो आणि स्टेंट पूर्ण उघडतो. उजव्या नसेत हे करताना हृदयाचे ठोके एकदम मंद होऊ शकतात म्हणून कधी कधी तेवढ्यापुरता टेंपररी पेसमेकर लावतात. बाहेर आल्यावर मांडीत किंवा मानेत वायर दिसली तर आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती अजून घाबरेल.

आता लिमिटचं. दादाने बहुतेक एईआरबीचं लिमिट वाचलंय. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषद, ऑफिस आपल्या खाडीपलीकडेच, अणुशक्तीनगरला. त्यांचं लिमिट आहे ते माझ्यासारख्या काम करणाऱ्यांसाठी, पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे डोस मोजणारा बिल्ला, लावून आम्ही उभे राहायचो, ठरावीक महिन्यांनी तो रीडिंगला जायचा. हे लिमिट असतं कारण आम्हाला त्या किरणांचा काडीचा फायदा नसतो आणि आम्ही रोज तिथे असतो. पेशंटला असं लिमिट कुठल्याच देशात नाही, कारण फायदा त्याचा स्वतःचा असतो, तिथे नियम दोनच, प्रोसिजरची खरंच गरज पाहिजे आणि काम होईल तेवढाच कमीत कमी डोस पाहिजे. लिमिट लावलं असतं तर त्या पहाटे नस अर्धी उघडून थांबावं लागलं असतं. त्यामुळे "लिमिटच्या दुप्पट डोस दिला" हा आरोप हॉस्पिटलला लागू होत नाही.

वहिनीचं ऐकून मला खरंच वाईट वाटलं. आईला माझ्याकडून सांग, एक्स-रे अंगात राहत नाही. टॉर्च बंद केला की उजेड खोलीत साठून राहतो का, तसंच, पेडलवरून पाय उचलला त्या क्षणी किरण संपले. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या अंगातून काहीही बाहेर पडत नव्हतं, स्टेंटमधूनही नाही, पडत नाहीये, पडणार नाही. वहिनीने त्यांच्या शेजारी बसावं, जेवावं, त्यांचा हात धरून सेक्टरच्या गार्डनमध्ये फेऱ्या माराव्यात, बाळ झालं की पहिल्या दिवशी आजोबांच्या मांडीवर द्यावं. फक्त पुढे कधी बाबांची ती इंजेक्शन देऊन करतात ती हृदयाची स्कॅन, थॅलियम म्हणतात लोक, ती सांगितली तर त्यात औषधच रेडिओॲक्टिव्ह असतं, तेव्हा गरोदर बाईने आणि लहान बाळाने थोडा काळ जवळ बसू नये, किती वेळ ते तिथेच सांगतात. अँजिओप्लास्टीचा आणि त्याचा काही संबंध नाही.

मग त्या ३२०० चं काहीच करायचं नाही का, तर करायचंय. हा आकडा कॅन्सरपेक्षा कातडीसाठी जास्त कामाचा आहे. ट्यूब टेबलाच्या खाली असते, किरण पाठीतून शिरतात, म्हणून सगळ्यात जास्त डोस पाठीच्या कातडीला. एअर कर्मा म्हणजे साधारण त्या कातडीच्या अंतरावर किती डोस पोचला त्याचा मशीनने धरलेला आकडा. ३२०० मिलिग्रे म्हणजे ३.२ ग्रे. एकाच जागी २ ग्रेच्या वर गेलं की कातडी थोडी लाल होऊ शकते, ५ ग्रेच्या वर गेलं तर पेशंटला आधीच सांगून काही आठवड्यांनी पाठ तपासायची अशी पद्धत आहे, आणि १० च्या पुढे जखमेची भीती खरी. बाबांचा डोस वेगवेगळ्या कोनांतून गेलाय, म्हणजे एका जागी पूर्ण ३.२ पडलेले नाहीत, त्यामुळे काही झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. तरी आज संध्याकाळी त्यांना खिडकीपाशी पाठ करून बसव आणि खांद्याच्या मागच्या चपट्या हाडांच्या खाली, विशेषतः उजवीकडे, नीट बघ. चौकोनी किंवा कडा सरळ असलेला लालसर, तपकिरी चट्टा आहे का, खाज किंवा आग होते का. असा चट्टा बाबांना स्वतःला दिसत नाही, आणि आपल्याकडे घामाने होणाऱ्या नायट्याच्या नावावर खपून जातो, मेडिकलमधून एखादी स्टिरॉइडवाली ट्यूब आणून चोळत बसतात. काही दिसलं तर चोळू नका, शेकू नका, फोटो काढा आणि कार्डिओलॉजिस्टला दाखवा, स्किनच्या डॉक्टरकडे गेलात तर अँजिओप्लास्टी झाल्याचं आणि डोसचा कागद असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर ते उगाच तिथला तुकडा काढून तपासायला पाठवतील आणि अशी जागा भरायला फार वेळ घेते.

आणि ह्याच्यासाठीच तो कागद दुसऱ्या प्रोसिजरच्या आधी डॉक्टरांच्या हातात पडला पाहिजे. थोड्याच आठवड्यांच्या अंतराने त्याच पाठीवर परत किरण जाणार, कातडीसाठी दोन्हींची बेरीज धरायची असते. दुसरं हॉस्पिटल किंवा दुसरे डॉक्टर असतील तर त्यांना हे आपोआप कळणार नाही. विचारायला लाजू नकोस, मी टेबलापलीकडून बघितलंय, चांगल्या डॉक्टरला असे प्रश्न आवडतात. विचार की सर, आधी ३.२ ग्रे झालेत, ह्या वेळी कोन बदलून करता येईल का, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, साडेसातवर ठेवता येईल का, जिथे चालेल तिथे सिनेऐवजी फ्लुरोच सेव्ह कराल का. फ्रेम रेट पंधरावरून साडेसातवर आणला तरी डोस खूप उतरतो आणि डोळा सरावला की काम अडत नाही. बाबांनाही एक काम आहे, टेबलावर सांगतील तसे हात वर, ट्यूबच्या वाटेतून बाहेर ठेवायचे, ज्या मनगटातून प्रोसिजर चालू आहे तो सोडून. हात मध्ये आला की मशीन परत जोर वाढवतं आणि हाताला पण भाजतं.

दुसरं विचारायचं ते आयव्हसचं. नसेच्या आतून सोनोग्राफी करणारी बारीक नळी, तिला एक्स-रे लागत नाही, आणि कॅल्शियम किती खोल आहे, स्टेंट पूर्ण उघडला का ते ती आतून दाखवते. कॉम्प्लेक्स अँजिओप्लास्टीतच, म्हणजे फांदीचे, कॅल्शियमचे, लांब ब्लॉक, अशांवर २०२३ ला कोरियातली ट्रायल आली, १६३९ पेशंट, आतून बघून केलेल्यांत दोनेक वर्षांत त्या नसेचा परत त्रास ७.७ टक्क्यांना आणि नुसत्या अँजिओवर केलेल्यांत १२.३ टक्क्यांना. खर्च वाढतो हे खरंय, मेडिक्लेममध्ये बसतं का ते टीपीएच्या डेस्कवर आधी विचारून घे. पण बाबांसारख्या नसेला माझ्या मते पैसे वाचवायची ही जागा नाही.

किडनीचं विसरू नकोस. शुगर आहे, महिन्यात दुसऱ्यांदा कॉन्ट्रास्ट जाणार, हा धोका रेडिएशनपेक्षा कितीतरी जवळचा आहे आणि त्याच्यावर पत्रात एक ओळ नाही. प्रोसिजरच्या आधी क्रिएटिनिन करून घ्या, पाणी किंवा सलाइन किती ते डॉक्टरांना विचारा कारण अटॅकनंतर पंपिंग कमी असेल तर भरमसाठ पाणी पण चालत नाही, मेटफॉर्मिन चालू असेल तर ती कधी थांबवायची आणि परत कधी चालू करायची हे लिहून घ्या, आणि गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर ह्या काळात पूर्ण बंद.

बाबांशी बोलताना एवढंच कर, त्यांच्यासमोर आकडे फेकू नकोस. टेबलावर परत झोपणार नाही हे त्यांचं वाक्य मला रेडिएशनपेक्षा त्या पहाटेच्या भीतीचं वाटतं. पूर्ण शुद्धीत, अंगावर हिरवी शीट, छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखणं, आजूबाजूला लेड एप्रन घातलेले लोक भराभर बोलतायत, आणि कोणी त्यांच्याशी बोलायला मोकळं नाही, मी अशी माणसं टेबलावर रोज बघितलीत. त्यांना सांग की ह्या वेळी दुखत नसताना जायचंय, ठरवून जायचंय, आणि जाण्याआधी डॉक्टरांबरोबर त्यांना स्वतःला दहा मिनिटं बसू दे, तू बाहेर थांब. कधी कधी माणसाला मुलांसमोर विचारता येत नाही. तरीही नाहीच म्हणाले तर दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टला सीडी दाखवून मत घ्या, ठाणे-नवी मुंबईत पर्याय भरपूर आहेत, आणि तो दुसरा डॉक्टर बायपास किंवा नुसत्या गोळ्या म्हणाला तर का ते दोघांचंही ऐका. मी फक्त एका गोष्टीला ठाम नाही म्हणते, रेडिएशनच्या भीतीने काहीच न करता तारीख जाऊ देणं.

ह्या मधल्या दिवसांत छातीत परत दाब आला, घाम फुटला, दम लागला, डावा हात किंवा जबडा दुखला तर गॅस म्हणून बसू नका, स्वतः बाईक-रिक्षाने ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये निघू नका, १०८ लावा. आणि प्रोसिजर झाली की डिस्चार्जच्या वेळी दुसऱ्या वेळचा एअर कर्मा आणि डीएपी मागून घे, दोन्ही कागदांचे फोटो आपल्या आणि दादाच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि घरी आल्यावर दोन ते चार आठवड्यांनी परत एकदा पाठ बघ.